तेंगसाहेबांचा कबुलीजबाब

तेंग क्वेईशानला आयुष्यात एकच कला साधली होती, पेला खाली धरण्याची. मेजवानीत वरिष्ठाच्या पेल्याला आपला पेला लावताना तो जरा खाली धरायचा, ही रीत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण तेंग किती खाली जाऊ शकतो याला तळच नव्हता. लोंगशी तालुक्याच्या धान्यखात्यात तो साधा अधिकारी होता तेव्हाची गोष्ट. प्रांताच्या राजधानीतून एक बडे साहेब आले होते. तेंगने पेला त्यांच्या पेल्याखाली नेला. साहेबांनी गंमत म्हणून आपला हात आणखी खाली केला, तसा यानेही केला. शेवटी साहेबांचा पेला त्यांच्या गुडघ्यापाशी आला, तेव्हा हा सरळ गुडघे टेकून बसला, पेला फरशीला लावला आणि म्हणाला, "साहेब, याच्याही खाली जायचं तर आता कुदळ मागवावी लागेल!"

साहेब इतके हसले की ज्वारीची दारू त्यांच्या नाकात गेली. दोन वर्षांत तेंग तालुक्याचा उपप्रमुख झाला आणि पाचव्या वर्षी प्रमुख.

त्या मेजवानीत स्वागताचं पद्य माझं होतं, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. मी फेई. तालुक्याच्या शाळेत भाषा शिकवायचो. प्रमुख झाल्यावर तेंगने मला बोलावून घेतलं. टेबलावर पाय, हातात सूर्यफुलाच्या बिया.

"मास्तर, तुम्ही लिहिता बरं. मला बोलता येतं, पण काय बोलायचं ते सुचत नाही."

"साहेब, मी पोरांना शिकवतो, मला सरकारी भाषा येत नाही."

"अहो, ती कोणाला येते? घर मिळेल. दोन खोल्या, स्वतंत्र संडास."

माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि आम्ही शाळेच्या वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. मी त्या संडासासाठी गेलो. लोकांना मी पुढे अनेक कारणं सांगितली, पण खरं कारण तेवढंच.

त्यानंतर एकोणीस वर्षं त्या माणसाच्या तोंडून जे काही बाहेर पडलं, त्यातल्या शिव्या आणि ढेकरा सोडल्या तर सगळं माझं होतं. 'मी शेतकऱ्याचा मुलगा आहे' हे त्याचं प्रसिद्ध वाक्यही माझंच. त्याचा बाप सरकारी धान्यकोठारात तोलारी होता आणि तराजूवर अंगठा ठेवण्याबद्दल दोनदा समज मिळालेला माणूस होता. पण भाषणाला सुरुवात हवी होती, मी ती लिहिली. दहा वर्षांनी तेंग मलाच सांगायला लागला की लहानपणी चिखलात भात लावताना त्याच्या पायाला जळवा कशा चिकटायच्या.

वाचताना तो अर्थाच्या वाटेला जात नसे. एकदा माझ्या हातून कागद बदलले गेले. चहाच्या मेळाव्याचं भाषण त्याने खताच्या कारखान्यात वाचलं. युरियाच्या पोत्यांसमोर उभा राहून, छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "याचा सुगंध घराघरात दरवळो!" मी मागच्या रांगेत घामाने निथळत होतो. सहाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्याच्या व्यवस्थापकाने ते वाक्य फलकावर रंगवून घेतलं. त्या दिवशी माझी भीती गेली आणि तिच्याबरोबर माझी लाजही गेली.

तेंगची बायको चित्रं काढायची. नवरा जिल्ह्याचा सचिव झाल्यावर तिला अचानक चित्रकला आली. ती पेओनीची फुलं काढायची, पण ती दिसायची कोबीसारखी. बांधकामवाले, खाणवाले, औषधवाले तिच्या प्रदर्शनाला रांगेत उभे राहायचे. ज्याला जमिनीचा परवाना हवा त्याने एक मोठा कोबी घ्यायचा, ज्याला नुसती ओळख हवी त्याने लहान. जिल्ह्यात असं एक कार्यालय नव्हतं, एक हॉटेल नव्हतं, जिथे भिंतीवर कोबी नव्हता. माझ्या बायकोने, पेईरूने, एकदा तेंगबाईंच्या तोंडावर विचारलं, "वहिनी, ही भाजीची मालिका पुढे मुळ्यापर्यंत जाणार का?" घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "कोबी आहे हे मी सांगितलं नाही, भाजी म्हटलं. तुम्हालाही कोबीच दिसला ना?"

मग आलं झाडाचं प्रकरण.

जिल्ह्याच्या शहरात तेंगने नवा सरकारी चौक बांधला. चौक एवढा मोठा की पलीकडच्या टोकाचा माणूस ओळखू येत नसे. एका फेंगशुईवाल्याने त्याला सांगितलं, चौकाच्या मध्ये जुना वृक्ष हवा, म्हणजे खुर्चीची मुळं खोल जातात. सहाशे वर्षांचं गिंकोचं झाड जिल्ह्यात एकच होतं, पेईरूच्या माहेरच्या गावात. शरदात ते पिवळं झालं की गावातल्या घरांमध्ये दिवसा उजेड वेगळा पडायचा. मी टिपण लिहिलं की एवढं जुनं झाड हलवलं तर जगणार नाही, शिवाय गावाची संमती नाही आणि वनखात्याचा कागद नाही. आपल्यात अजून थोडी शरम उरली आहे हे स्वतःलाच दाखवायला मी ते टिपण लिहिलं असेल. तेंगने लाल पेन्सिलने त्यावर दोन वाक्यं खरडली, 'झाड आणाच. कागद नंतर.'

क्रेन आणि चाळीस पोलीस गेले. पेईरूचे मामा, यिन वैद्य, गावात राहत होते. पूर्वी पाठीला औषधाची पेटी लावून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरलेले, तेव्हा सत्तरीचे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. खुर्ची आणली, क्रेनपुढे ठेवली, चष्मा लावून बसले आणि म्हणाले, "हुकुमाचा कागद दाखवा. मी वाचतो, सही करतो, मग न्या."

कागद नव्हता. म्हणून त्यांना उचललं, खुर्चीसकट. सार्वजनिक शांततेचा भंग, दहा दिवस कोठडी.

आणि मी लेख लिहिला. प्रांताच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. 'शहराच्या हाकेला ओ देऊन सहाशे वर्षांचा वृक्ष आपणहून आला' असं त्यात वाक्य होतं. तेंगला ते फार आवडलं. त्याने मला पाठवलेल्या दारूच्या दोन बाटल्या पेईरूने मोरीत ओतल्या.

यिन मामा सुटले तेव्हा त्यांना आणायला मीच गेलो. ते गाडीत बसले, वर्तमानपत्राची घडी खिशातून काढली, म्हणजे ते त्यांना आतच कोणीतरी दिलं होतं.

"जावईबापू, हे तुम्ही लिहिलं?"

"मामा, ते..."

"छान लिहिलंय. भाषा सफाईदार आहे. एक शंका आहे. झाड आपणहून आलं म्हणता, ते चालत आलं की बसने? तिकीट कोणी काढलं?"

पुढे दीड तास ते तो लेख पहिल्यापासून पुन्हा वाचत राहिले. मला वाटतं त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि हे त्यांना कळत होतं.

झाड पहिल्या हिवाळ्यातच गेलं. पुढच्या शरदात राजधानीतून पाहणीला मंडळी येणार होती. बागखात्याच्या बायकांनी शिड्या लावून तीन दिवस फांद्यांना प्लास्टिकची पानं बांधली. पाहणीच्या प्रमुखांनी एक पान बोटांत धरलं, मान हलवली आणि म्हणाले, "काय तजेला आहे!" तेंगने डोळे पुसले. खरंच पुसले, मी शेजारी होतो. सहा महिन्यांनी तो प्रांताचा उपप्रमुख झाला आणि आम्ही सगळे त्याच्यामागे राजधानीत गेलो, जसं बैलामागे माश्या जातात.

तिथे तो फुगला. केस दर पंधरा दिवसांनी काळे करायचा. कार्यालयाचं दार पूर्वेला वळवून घेतलं, तर ते जिन्यावर उघडू लागलं आणि दोन कारकून घसरून पडले. वरिष्ठांसमोर मात्र पेला अजूनही तसाच खाली. खालच्यांनी आपला पेला याच्यापेक्षा वर धरला तर याला रात्रभर झोप येत नसे.

सहा वर्षांनी, वसंतात, केंद्राचं तपासणी पथक प्रांतात आलं आणि एका हॉटेलात उतरलं. तेंगने मला बोलावलं.

"मास्तर, भ्रष्टाचाराविरुद्ध भाषण हवं. कडक. ऐकणाऱ्याच्या पाठीला घाम फुटला पाहिजे."

"कोणासमोर आहे, साहेब?"

"पथकासमोर. ते घरात शिरायच्या आत आपणच 'चोर चोर' ओरडलेलं बरं."

मी लिहिलं. एप्रिलच्या सोळा तारखेला सकाळी नऊ वाजता त्याने ते वाचलं, आणि कबूल करायला हवं, त्याने ते आयुष्यात वाचलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा चांगलं वाचलं. 'लोभी हाताला आपणच तोडलं पाहिजे' या वाक्याला तर त्याने टेबलावर मूठ आपटली. चहाच्या मध्यंतरात दोन माणसं आली. साधे कोट, साधे बूट. एकाने कानात काहीतरी सांगितलं. तेंग त्यांच्याकडे बघून हसला, हात पुढे केला आणि चहाचा कप उचलून सवयीने त्यांच्या कपाखाली न्यायला गेला. पण त्यांच्या हातात कप नव्हते. तसा अवघडून वाकलेला तो पाच-सहा क्षण उभा राहिला. मग एकाने त्याचा कप काढून टेबलावर ठेवला आणि त्याला घेऊन गेले. सभा पुन्हा सुरू झाली. पुढच्या वक्त्याने तेंगसाहेबांच्या प्रेरक भाषणाचा उल्लेख लिहून आणला होता. तो त्याने जागच्या जागी गाळला. गडबडला नाही की थांबला नाही. अशा माणसांची आमच्याकडे कमतरता नाही.

दुपारी जेवणघरात सगळ्यांना आधीपासून सगळं माहीत होतं. ज्याने तेंगच्या आईच्या अंत्ययात्रेत तेंगपेक्षा मोठ्याने गळा काढला होता तो आरोग्यखात्याचा प्रमुख शेवया ओरपत म्हणाला, "मला त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं." संध्याकाळपर्यंत कोबी उतरले. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक पांढरा चौकोन. कोणाला चौकोनही नको होता, म्हणून त्या आठवड्यात बाजारात दिनदर्शिका मिळेनाशा झाल्या, आणि तेव्हा एप्रिल चालू होता.

तिसऱ्या दिवशी मला नेलं.

शहराबाहेरचं एक विश्रामगृह. खोलीतल्या भिंतींना, टेबलाच्या कडांना, न्हाणीच्या नळालासुद्धा मऊ गादी लावलेली, कोणी डोकं आपटून घेऊ नये म्हणून. मी मनात म्हटलं, आम्हा लोकांना सरकार अजून ओळखत नाही. आम्ही डोकं फार जपतो. चौकशी करणाऱ्या बाओबाई चाळिशीच्या होत्या, केस आखूड, आवाज हळू. चार दिवस त्यांनी मला तारखा, नावं, कोण कोणाबरोबर जेवलं, एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं. शूर होण्याचं मनातही आलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी कागदांची चळत माझ्यापुढे ठेवली.

"तेंगनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब आहे. वाचा."

मी पहिली ओळ वाचली. 'मी शेतकऱ्याचा मुलगा आहे.' दुसऱ्या परिच्छेदात पुराच्या वेळचं माझं भाषण होतं. तिसऱ्यात लोभी हात. पुढे आईच्या श्राद्धाला मी लिहून दिलेली चार वाक्यं पश्चात्ताप म्हणून घातली होती, फक्त 'आई' काढून 'पक्ष' केलं होतं. तेवीस पानं होती. एकोणीस वर्षांचं माझं लेखन तिथे तुकड्या-तुकड्यांनी जोडलेलं होतं, भिकाऱ्याच्या गोधडीसारखं. एका ठिकाणी तर 'याचा सुगंध घराघरात दरवळो'सुद्धा होतं.

मला हसू आवरेना.

"काय झालं?" बाओबाईंनी विचारलं.

"हे माझं आहे."

"ते आम्हाला दुसऱ्या पानावरच कळलं. त्यांना सांगितलं, 'स्वतःच्या शब्दांत लिहा.' तर म्हणाले, 'मग फेई मास्तरांना बोलवा.'" त्या हसल्या नाहीत. "सतरावं पान बघा. तिथलं वाक्य तुमचं आहे का?"

सतराव्या पानावर व्याकरण चुकलेलं, दोन अक्षरं खोडून पुन्हा लिहिलेलं एक वाक्य होतं. 'झाड आणण्याची कल्पना फेई यांची होती, मी त्यांना विरोध केला पण त्यांनी ऐकलं नाही आणि त्यांच्या बायकोच्या गावाला मोबदला मिळावा हा त्यांचा हेतू होता.'

एकोणीस वर्षांत त्या माणसाने स्वतःच्या डोक्याने लिहिलेलं ते एकमेव वाक्य. मला राग यायला हवा होता. पण ते वाक्य इतकं बेंगरूळ होतं, शाळेतल्या ढ पोराच्या निबंधासारखं, की पहिला विचार आला तो लाल पेन घेण्याचा.

"खरं आहे का?" बाओबाई.

"लेख मी लिहिला. कल्पना माझी नव्हती."

"पुरावा?"

पुरावा कसला असणार. माझं टिपण मी तेव्हाच घरी आणून कचऱ्यात टाकलं होतं. मी मान हलवली. त्यांनी खणातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक चुरगळलेला, पुन्हा सपाट केलेला कागद काढला. माझं अक्षर, आणि त्यावर लाल पेन्सिल. 'झाड आणाच. कागद नंतर.'

"काल तुमच्या घराची झडती झाली. तुमच्या पत्नीने न मागता दिला. तांदळाच्या डब्यात होता, आठ वर्षं."

अकराव्या दिवशी मला सोडलं. पेईरू फाटकाबाहेर उभी होती, हातात वाफवलेल्या पावांची पिशवी. मी काहीतरी बोलायला गेलो, आभाराचं.

"तुम्हाला वाचवायला नव्हता ठेवला तो," ती म्हणाली. "मामांसाठी ठेवला होता. त्यांनी कागद मागितला होता ना? मी कचऱ्यातून काढला आणि म्हटलं, कधीतरी कोणीतरी विचारेल. खा. पाव गार होतायत."

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून खाल्ले. रडू येत होतं, पण खाणं थांबवलं नाही. माझी ही गोष्ट मला अजून आवडत नाही.

पेईरूने त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवली होती, ती मामांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "अक्षर घाणेरडं आहे," एवढंच म्हणाले.

हिवाळ्यात खटला उभा राहिला. दूरचित्रवाणीवर तेंग दिसला तेव्हा लोकांनी त्याला ओळखलंच नाही. सात महिने रंग न मिळाल्याने डोकं पांढरं झालं होतं. न्यायाधीशांनी शेवटचं बोलायला सांगितलं. तो रडला, शेतकऱ्याचा मुलगा असल्याचं सांगितलं आणि जळवांची गोष्टही सांगितली. चौदा वर्षं शिक्षा झाली. तेंगबाईंना सहा. त्यांचे कोबी जप्त करून लिलावात काढले, तर एकाही चित्राला गिऱ्हाईक मिळालं नाही. मला पक्षाची समज मिळाली, दोन पायऱ्या खाली उतरवलं आणि वेळेआधी निवृत्त केलं. माझ्या मते मी स्वस्तात सुटलो. पेईरूच्या मतेही.

दोन वर्षांनी तुरुंगातून पत्र आलं. कागदाच्या दोन्ही बाजूंना गिचमिड. प्रकृती, जेवण, बराकीत तो अभ्यासमंडळाचा अध्यक्ष झाल्याची बातमी, आणि कोण कुठे बसणार हे तो ठरवतो याचा अभिमान. झाडाबद्दल एक शब्द नव्हता. शेवटी विनंती होती, 'मास्तर, शिक्षा कमी होण्यासाठी अर्ज करायचा आहे. पश्चात्ताप मनापासून वाटला पाहिजे. तो तुमच्यासारखा कोणाला लिहिता येत नाही. जुनी माणसं विसरू नका.'

मी पेईरूला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"लिहिणार?"

"नाही."

"नक्की? घर देतो म्हणाला असता तर?"

मी पत्राची घडी घातली आणि तिच्याशेजारी बसून भाजी निवडायला लागलो. पत्राला मी उत्तर पाठवलं नाही.

पुढे बाओबाईंच्या खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, तेंगला बराकीतच दुसरा माणूस सापडला. शिक्षणखात्याचा एक माजी अधिकारी, नोकऱ्या विकल्याबद्दल नऊ वर्षांसाठी आत बसलेला, लिहिणारा चांगला. तेंग त्याला आपल्या वाटणीचं डुकराचं मांस द्यायचा. अर्ज इतका हृदयस्पर्शी झाला की तुरुंगाच्या भिंतपत्रकात छापला गेला आणि तेंगच्या शिक्षेतले दहा महिने कमी झाले. लिहिणाऱ्याने स्वतःसाठीही एक अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. शेऱ्यात लिहिलं होतं की भाषा तेंग क्वेईशान यांच्या अर्जातून चोरलेली दिसते.